गहू सोडण्याआधी

प्रस्तावना

सीलिअ‍ॅक आजाराचे निदान आपल्याकडे उशिरा होते, आणि तपासणीची उणीव हे त्याचे कारण आता उरलेले नाही. हाताच्या शिरेतून थोडे रक्त काढून होणारी ही तपासणी लहान गावात नमुना देऊनही करता येते. नमुना शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जातो आणि काही दिवसांत अहवाल हाती येतो. घोडे अडते ते दोन ठिकाणी. रुग्णाला पाहणाऱ्या डॉक्टरच्या मनात या आजाराचे नावच येत नाही, कारण ‘हा पंजाब-हरियाणाकडचा आजार’ ही समजूत घट्ट बसलेली आहे. आणि नाव सुचलेच, तर घरचे लोक आधी गहू बंद करतात व काही महिन्यांनी रक्त द्यायला येतात. तोवर रक्तातली खूण पुसट झालेली असते.

या दोन्ही गोष्टींमुळे ज्यांची वर्षे वाया जातात, त्यांच्यासाठी आणि त्यांना पहिल्यांदा तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी हे पुस्तक आहे. आहार, पाककृती, मुलांची शाळा, प्रवास यांविषयी पुढे सविस्तर येईलच. त्याआधी रक्ताच्या तपासणीची गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. ती कशी सापडली, नेमके काय मोजते, तिच्यावर किती विसंबावे आणि ती कधी करावी, हे एकदा समजले की पुढची सगळी वाट सरळ होते.

आधी आजार थोडक्यात. गहू, सातू म्हणजे जव, आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिने असतात. कणकेला चिवटपणा येतो, पोळी न तुटता लाटली जाते, पाव फुगून तसाच राहतो, ते या प्रथिनांमुळे. सीलिअ‍ॅकच्या रुग्णाच्या पोटात ग्लुटेन गेले की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला चढवते. निरोगी आतड्याच्या आतल्या बाजूला टर्किश टॉवेलच्या लवेसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस शोषणारी जागा त्यांच्यामुळे कितीतरी पटींनी वाढते. या आजारात ते अंकुर झिजत जाऊन अस्तर सपाट होते, आणि खाल्लेले अंगी लागत नाही.

लहान मुलात हे सहसा दिसून येते. जुलाब, फुगलेले पोट, सुकलेले हातपाय, खुंटलेली उंची, चिडचिड. प्रौढात मात्र पोटाची तक्रार असेलच असे नाही. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे खाऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन, अकाली ठिसूळ झालेली हाडे, पुन्हा पुन्हा तोंड येणे, यकृताच्या तपासणीत कारणाशिवाय वाढलेले आकडे, गर्भ न राहणे किंवा न टिकणे अशा कितीतरी वाटांनी हा आजार समोर येतो. म्हणून रुग्ण कधी रक्तविकारतज्ज्ञाकडे जातो, कधी हाडांच्या डॉक्टरकडे, कधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे; पोटाच्या डॉक्टरकडे तो सर्वांत शेवटी पोचतो. उपचार एकच आहे : ग्लुटेन पूर्णपणे आणि आयुष्यभर बंद. एखाद्याला आयुष्यभराचे पथ्य सांगायचे, तर निदान संशयावर सोडून चालत नाही.

निदानाचा इतिहास ब्रिटनमध्ये सुरू होतो. सॅम्युअल गी या लंडनच्या डॉक्टरांनी १८८८ मध्ये या आजाराचे आधुनिक काळातले पहिले नेटके वर्णन प्रसिद्ध केले. हा रुग्ण बरा होणार असेल तर तो आहारानेच होईल, हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. पण आहारातले काय काढायचे, याचे उत्तर मिळायला आणखी साठ वर्षे गेली. १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी केळ्यांवर भर देणारा आहार सुचवला. मुले सुधारली, आणि श्रेय केळ्यांना मिळाले. त्या आहारातून पाव-बिस्किटे गेली होती, याकडे लक्ष गेले नाही. पथ्याने बरे वाटणे आणि आजाराचे कारण कळणे यांत किती अंतर असते, ते या उदाहरणातून दिसते. आजही अनेक घरांत हेच घडते, म्हणून ते लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कारण शोधले ते नेदरलँड्समधल्या बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी. गव्हाविषयी त्यांना दुसऱ्या महायुद्धाआधीपासूनच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढले. अशा उपासमारीतही सीलिअ‍ॅकची मुले बिघडली नाहीत, आणि पाव पुन्हा मिळू लागल्यावर त्यांचा त्रास परतला. डिके एवढ्या निरीक्षणावर थांबले नाहीत. आहारातून गहू काढायचा, परत द्यायचा, आणि दर वेळी मलातून किती चरबी शोषली न जाता बाहेर पडते ते मोजायचे, असे प्रयोग त्यांनी वान डे कामर आणि वेयर्स या सहकाऱ्यांबरोबर केले. १९५० मध्ये उट्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी गहू हाच दोषी असल्याचे दाखवून दिले.

कारण कळले, तरी समोरच्या रुग्णाला हाच आजार आहे हे कसे ठरवायचे? पन्नाशीच्या दशकात जिवंत माणसाच्या लहान आतड्यातून अस्तराचा तुकडा काढण्याची साधने आली. मार्गॉट शायनर यांची नळी १९५६ च्या सुमारास आणि विल्यम क्रॉस्बी यांची कुपी १९५७ मध्ये. सूक्ष्मदर्शकाखाली सपाट झालेले अस्तर दिसू लागले. १९६९ मध्ये युरोपातल्या बालपचनरोगतज्ज्ञांनी जे निकष ठरवले, त्यांत मुलाच्या आतड्याचा तुकडा तीनदा तपासायचा होता : गहू चालू असताना, गहू बंद केल्यावर, आणि गहू पुन्हा सुरू केल्यावर. प्रत्येक वेळी मुलाला नळी गिळायला लावायची आणि ती आतड्यात उतरेपर्यंत थांबायचे. शिवाय हे सगळे ज्याच्याविषयी आधीच दाट संशय आहे अशा मुलाच्याच बाबतीत होणार. उंची कमी आहे, रक्त कमी आहे, एवढ्यावरून कोणा आईने मुलाला या दिव्यातून जाऊ दिले असते? रोगी गाळून काढणारी सोपी चाचणी नव्हती, म्हणून आजार दुर्मिळ वाटत होता.

ती चाचणी रक्तातून आली. या रुग्णांच्या रक्तात गव्हातल्या ग्लायडिन या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे संरक्षण यंत्रणेने तयार केलेली प्रतिकारक प्रथिने, सापडतात, हे पन्नास-साठच्या दशकांतच कळले होते. पण गव्हाविरुद्धच्या अशा अँटिबॉडी इतर आजारांत आणि निरोगी माणसांतही आढळतात, त्यामुळे त्या चाचणीवर भिस्त ठेवता येईना. खरा बदल १९८३ च्या सुमारास झाला. पोलंडमधले त्वचारोगतज्ज्ञ खोझेल्स्की आणि त्यांचे सहकारी सीलिअ‍ॅकशी नाते असलेल्या एका त्वचारोगाचा अभ्यास करत होते. रुग्णाचे रक्तद्रव्य माकडाच्या अन्ननलिकेच्या पातळ कापावर घातले, तर स्नायूंच्या तंतूंभोवतालच्या नाजूक आवरणाला काही अँटिबॉडी चिकटतात आणि विशिष्ट प्रकाशात तिथे हिरवे जाळे चमकते, असे त्यांना आढळले. त्या आवरणाचे नाव एंडोमायसियम, म्हणून ही एंडोमायसियल अँटिबॉडीची चाचणी. प्रयोगशाळेच्या बोलीत ईएमए. पुढे माकडाच्या अन्ननलिकेऐवजी माणसाच्या नाळेचा कापही वापरात आला. ही चाचणी होकारार्थी आली तर आजार असण्याची शक्यता फार मोठी. तिची अडचण एवढीच की ती यंत्र वाचत नाही. सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या अनुभवी माणसाच्या नजरेवर ती अवलंबून राहते.

यातून एक कोडे उभे राहिले. रुग्णाला बाधणारा पदार्थ गव्हातला; मग अँटिबॉडी माकडाच्या किंवा माणसाच्या ऊतीला का चिकटते? उत्तर १९९७ मध्ये बर्लिनमध्ये मिळाले. डेटलेफ शुप्पान, वॉल्बुर्गा डीटरिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या अँटिबॉडीचे लक्ष्य म्हणजे आपल्याच शरीरातले टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे विकर आहे. जखम भरून येताना प्रथिनांना एकमेकांशी जोडणे हे त्या विकराचे रोजचे काम. या शोधाने सीलिअ‍ॅक हा आपल्याच शरीरावर उलटणारा, म्हणजे ऑटोइम्यून आजार आहे, याचा थेट पुरावा हाती आला. आणि व्यवहारातली गोष्ट म्हणजे लक्ष्य शुद्ध रूपात मिळाल्यामुळे चाचणी यंत्रावर नेता आली.

शरीरात काय घडते ते असे. ग्लुटेनमध्ये प्रोलिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्ले फार असतात, त्यामुळे आपले पाचकरस त्याचे पूर्ण तुकडे करू शकत नाहीत. काही लांबट साखळ्या शिल्लक राहतात आणि अस्तराच्या आत शिरतात. तिथे ट्रान्सग्लुटामिनेज त्यांच्यातल्या काही ग्लुटामिनचे रूपांतर ग्लुटामिक आम्लात करते. हा बदल लहान, पण घातक ठरतो. कारण बदललेली साखळी काही माणसांच्या पेशींवरल्या डीक्यू-टू किंवा डीक्यू-एट या रेणूंत घट्ट बसते आणि संरक्षण करणाऱ्या टी पेशी तिला शत्रू समजून चवताळतात. डीक्यू-टूचे या आजाराशी असलेले नाते ऑस्लोच्या लुडविग सॉलिड यांनी १९८९ मध्ये उलगडले. चवताळलेल्या टी पेशी अंकुरांचा नाश घडवतात आणि त्यांच्या मदतीने बी पेशी अँटिबॉडी तयार करू लागतात. काही ग्लुटेनविरुद्ध आणि काही खुद्द ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्ध. रक्तात आपण मोजतो त्या याच.

या साखळीतला पहिला दुवा ग्लुटेन आहे. तो काढला की टी पेशी शांत होतात, नव्या अँटिबॉडी कमी बनतात आणि रक्तातले त्यांचे प्रमाण महिन्यामहिन्याने उतरते. बहुतेक रुग्णांत ते वर्ष-दोन वर्षांत सामान्य पातळीवर येते. उपचाराच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट, पण निदान व्हायचे असेल तर हीच मोठी अडचण. गहू सोडून आठ महिने झालेल्या माणसाचा अहवाल नकारार्थी आला, तर दोन अर्थ निघतात. आजार कधी नव्हताच, किंवा आजार आहे आणि पथ्याने दबला आहे. कागदावरचा आकडा दोन्ही वेळी सारखाच.

आता प्रत्यक्ष तपासणी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा ‘टीटीजी आयजीए’, म्हणजे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धच्या आयजीए जातीच्या अँटिबॉडी, असे लिहिलेले असते. उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. प्लॅस्टिकच्या ताटलीतल्या छोट्या खळग्यांना ट्रान्सग्लुटामिनेजचा लेप दिलेला असतो. त्यांत रुग्णाचे रक्तद्रव्य घालतात. अँटिबॉडी असतील तर त्या लेपाला चिकटतात, बाकीचे धुऊन जाते. मग त्या अँटिबॉडीला चिकटणारे आणि रंग आणणारे दुसरे द्रावण घालतात. जितका गडद रंग, तितक्या अँटिबॉडी जास्त, आणि यंत्र तो रंग आकड्यात मांडते. प्रत्येक कंपनीच्या किटची एकके आणि मर्यादा वेगळ्या असतात, म्हणून एका प्रयोगशाळेतला ४० आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतला ४० यांची तुलना करू नये. अहवाल वाचताना त्या प्रयोगशाळेच्या सामान्य मर्यादेच्या किती पट आकडा आला, ते पाहावे. पुढेही जमेल तोवर त्याच प्रयोगशाळेत तपासणी करावी.

चिठ्ठीवर आणखी एक चाचणी हवी, आणि ती अनेकदा राहून जाते : रक्तातले एकूण आयजीए. काही माणसांच्या शरीरात आयजीए जातीच्या अँटिबॉडी जवळजवळ बनतच नाहीत. सीलिअ‍ॅकच्या रुग्णांत अशा माणसांचे प्रमाण दोन ते तीन टक्के आहे, इतर लोकांपेक्षा कितीतरी जास्त. ज्याच्याकडे आयजीएच नाही त्याचा ‘टीटीजी आयजीए’ आजार असूनही नकारार्थी येणार. अशा वेळी आयजीजी जातीच्या अँटिबॉडी तपासाव्या लागतात; टीटीजी आयजीजी, किंवा बदललेल्या ग्लायडिनच्या तुकड्यांविरुद्धची, डीजीपी नावाने ओळखली जाणारी चाचणी. एकूण आयजीए पाहिल्याशिवाय नकारार्थी अहवालावर निर्धास्त होणे बरे नव्हे.

अनुवंशाची एचएलए चाचणीही वेगळी समजून घ्यायला हवी. डीक्यू-टू किंवा डीक्यू-एट असलेली माणसे समाजात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. म्हणून ती होकारार्थी आली तर फारसे काही सिद्ध होत नाही. नकारार्थी आली तर मात्र सीलिअ‍ॅक जवळपास बाद होतो. पथ्याचा तिच्यावर परिणाम होत नाही, त्यामुळे आधीच गहू सोडलेल्या माणसाला ती उपयोगी पडते. याउलट शंभर-दोनशे अन्नपदार्थांची यादी देऊन ‘तुम्हाला काय सोसत नाही’ हे सांगणारी आयजीजीची जी पाकिटे बाजारात विकली जातात, त्यांचा सीलिअ‍ॅकच्या निदानाशी काही संबंध नाही. त्यांवर खर्च करू नये.

टीटीजी आयजीएवर किती विसंबावे, हे ती कोणाची केली त्यावर ठरते. हिशेब समजावा म्हणून धरून चाला की चाचणी शंभरातले ९५ रुग्ण पकडते आणि शंभरातल्या ९५ निरोगींना निरोगी म्हणते. जिथे शंभरात एकाला आजार आहे अशा दहा हजार लोकांत १०० रुग्ण असतील. त्यांतले ९५ सापडतील. पण उरलेल्या ९,९०० निरोगींपैकी ४९५ जणांचा अहवालही होकारार्थी येईल. म्हणजे होकारार्थी आलेल्यांत जेमतेम सहाव्या हिश्श्याला खरा आजार. हीच चाचणी रुग्णांच्या सख्ख्या भावंडांत केली आणि त्यांच्यात दहात एकाला आजार असेल, तर दहा हजारांत ९५० खरे आणि ४५० खोटे होकार मिळतील. होकाराचे वजन एकदम वाढते. आकडा सामान्य मर्यादेच्या कितीतरी पट असेल तर ते आणखी वाढते. जेमतेम मर्यादा ओलांडणारा आकडा मात्र यकृताच्या आजारात, टाइप वन मधुमेहाच्या मुलांत, कधी एखाद्या संसर्गानंतरही तात्पुरता दिसतो. आजाराची शंका घेण्यासारखे काहीतरी असेल तरच तपासणी करावी, आणि होकार आला तर त्याची खातरजमा करावी, हा या हिशेबाचा अर्थ.

खातरजमा म्हणजे बहुधा एंडोस्कोपी आणि बायोप्सी : नळीतून आतडे पाहणे आणि अस्तराचा तुकडा काढून तपासणे. युरोपातल्या बालपचनरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये, आणि २०२० मध्ये अधिक सोप्या रूपात, मुलांना बायोप्सीतून सूट दिली. टीटीजी आयजीए सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्यांदा काढलेल्या रक्तात ईएमएही होकारार्थी असेल, तर बायोप्सीवाचून निदान करता येते. १९६९ च्या तीन बायोप्सींपासून इथपर्यंतचा हा प्रवास रक्ताच्या चाचणीने घडवला. मात्र सूट घ्यायची की नाही, हे त्या विषयातल्या डॉक्टरांनी पालकांशी बोलून ठरवायचे असते. प्रौढांत बहुतेक ठिकाणी अजूनही बायोप्सीच केली जाते.

आपल्या देशात तर रक्त आणि बायोप्सी दोन्हींची गरज अधिक. अंकुर झिजवणारा सीलिअ‍ॅक हा इथे एकटा आजार नाही. ट्रॉपिकल स्प्रू, जिआर्डियासारखे परजीवी, दीर्घ कुपोषण, काही वेळा आतड्याचा क्षय यांतही अस्तर बिघडते आणि सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र मिळतेजुळते दिसू शकते. नुसत्या बायोप्सीवरून एखाद्याला जन्मभर गहू बंद करायला सांगितला, तर खरा आजार उपचाराविना राहील. क्षयाच्या बाबतीत ते प्राणावर बेतू शकते. रक्तातल्या अँटिबॉडी आणि आतड्यातला बदल दोन्ही जुळले, आणि गहू सोडल्यावर रुग्ण सुधारला, म्हणजे निदान पक्के.

भारतात हा आजार आहे का, हा प्रश्न १९६६ मध्येच सुटायला हवा होता. त्या वर्षी उत्तर भारतातल्या मुलांमधल्या सीलिअ‍ॅकचे वर्णन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. रक्ताची चाचणी हाती आल्यावर चित्र स्पष्ट झाले. गोविंद मखारिया आणि सहकाऱ्यांनी दिल्लीलगतच्या भागात केलेली लोकसमूहाची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ९६ माणसांमागे एकाला हा आजार निघाला. २०१६ मध्ये बी. एस. रामकृष्ण आणि सहकाऱ्यांनी उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३ हजारांहून अधिक प्रौढांचे रक्त तपासून निष्कर्ष मांडले. अँटिबॉडी आढळण्याचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्का. अनुवंशाची तयारी मात्र तिन्ही विभागांत जवळपास सारखी, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोजचा गहू सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत अवघा २५ ग्रॅम.

या पाहणीत आपला पश्चिम विभाग नव्हता. पण तिच्यातून आपण शिकायचे ते उघड आहे. महाराष्ट्राचे जुने ताट ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदळाचे. देशावर भाकरी, कोकणात भात. गव्हाची पोळी सणावारी. आज शहरांत आणि बऱ्याचशा खेड्यांतही दोन्ही वेळा पोळी, सकाळी बिस्किटे किंवा पाव, मधल्या वेळी नूडल्स असा दिवस जातो. जी माणसे अनुवंशाने या आजाराच्या कक्षेत आहेत, त्यांच्या पोटात ग्लुटेन आजोबांच्या पिढीपेक्षा कितीतरी जास्त जाते आहे. त्यामुळे ‘आपल्याकडे हा आजार नसतो’ असे म्हणून चिठ्ठीवर टीटीजी न लिहिणे आता समर्थनीय राहिलेले नाही.

तपासणी कोणाची करावी? लोहाच्या योग्य उपचारानेही न हटणारा पंडुरोग, विशेषतः मासिक रक्तस्राव किंवा जंत हे कारण सापडत नसेल तर. वाढ खुंटलेली मुले. रेंगाळलेले जुलाब. टाइप वन मधुमेह, थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार, डाउन सिंड्रोम. कमी वयात ठिसूळ झालेली हाडे. आणि निदान झालेल्या रुग्णाचे आईवडील, भावंडे व मुले. आपल्याकडे बायकांच्या अशक्तपणाला कोणी आजार मानत नाही. पांढरी फटक पडलेली बाई ‘कामाने थकते’ म्हणून सोडून दिली जाते, लोहाच्या गोळ्या बदलत राहतात. या पुस्तकाने अशा काही बायकांना एका रक्ततपासणीपर्यंत पोचवले, तरी ते लिहिल्याचे सार्थक होईल.

ज्यांनी गहू आधीच सोडला आहे त्यांचे काय? त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे पुन्हा गहू खावा लागतो. ब्रिटनमधल्या मार्गदर्शनानुसार तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लुटेन असायला हवे. बरे वाटू लागलेल्या माणसाला जाणूनबुजून त्रासाकडे परत पाठवण्यासारखे हे आहे. अनेकजण मध्येच सोडतात आणि निदान कायमचे अधांतरी राहते. वजन कमी करायला किंवा कोणी सुचवले म्हणून ‘ग्लुटेन-फ्री’ व्हायची सध्या लाट आहे. तिच्यात उतरण्याआधी, पोटाचा किंवा रक्ताचा काहीही त्रास असेल तर, रक्त देऊन यावे.

निदान पक्के झाल्यावर हीच चाचणी सोबतीला राहते. सहा महिन्यांनी, वर्षाने आकडा उतरत असेल तर पथ्य नीट चालले आहे. उतरत नसेल तर कुठूनतरी गहू पोटात जातो आहे. मराठी स्वयंपाकघरात तो अनपेक्षित जागी सापडतो. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीतही बहुधा असतो. प्रसादाचा शिरा रव्याचा, लापशी गव्हाच्या दलियाची. माल्ट घातलेल्या पेयांत सातू असतो. ज्वारी-बाजरी निर्दोष, पण गिरणीत गव्हाच्या मागोमाग दळली तर त्या पिठात कणीक उतरते. म्हणून घरगुती चक्की, किंवा स्वच्छ केलेल्या गिरणीत पहिले दळण. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार ‘ग्लुटेन-फ्री’ पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन चालत नाही. ही मर्यादा किती बारीक आहे ते पाहा : एका साध्या पोळीत दोन ग्रॅमहून अधिक ग्लुटेन असते. शिवाय आकडा सामान्य झाला म्हणजे अंकुर पूर्ण भरून आलेच, असे नाही. अस्तराला बरे व्हायला, विशेषतः प्रौढांत, जास्त काळ लागतो. म्हणून अहवाल चांगला आला तरी पथ्य सैल करायचे नाही.

आपल्या भागाचे एक भाग्य इथे नोंदवले पाहिजे. युरोपातल्या रुग्णाला पावाला पर्याय शोधावा लागतो. आपल्याला भाकरी, तांदळाची उकड, आंबोळी, घावन, नाचणीचे सत्त्व, वरीचे तांदूळ, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा हे सारे घरातच आहे. पथ्य कठीण आहे, पण मराठी घरात ते परके नाही.

वाचकांना माझी विनंती आहे. या पुस्तकातल्या पाककृतींचे पान उघडण्याआधी तपासणीचे प्रकरण वाचा. घरात कोणाविषयी शंका असेल तर त्याचा गहू आज बंद करू नका. डॉक्टरांकडे जाऊन टीटीजी आयजीए आणि एकूण आयजीए या दोन चाचण्यांविषयी विचारा, रक्त द्या, अहवालाचा अर्थ त्यांच्याकडून समजून घ्या, आणि बायोप्सी सांगितली तर ती होईपर्यंत जेवण आहे तसेच ठेवा. निदान पक्के झाले की मग गहू सोडा, आणि तो कायमचा सोडा.